संसदेने सोपवलेली लेखणी

प्रस्तावना

पुण्याहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी लंडनला निघालेल्या माणसाला व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. काही प्रवर्गांना सूट आहे. बाकीच्यांसाठी प्रौढ व्यक्तीमागे ही रक्कम वर्षाला १,०३५ पौंड आहे. व्हिसा तीन वर्षांचा असेल तर नवरा-बायको मिळून ६,२१० पौंड आगाऊ मोजतात. हा आकडा कोणी ठरवला? ब्रिटिश संसदेने, असे उत्तर पटकन सुचते आणि ते अर्धेच खरे आहे. ज्या कायद्याखाली अधिभार घेतला जातो त्या २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यात हा आकडा सापडत नाही. त्याच्या ३८व्या कलमाने मंत्र्याला आदेश काढून अधिभार बसवण्याचा अधिकार दिला. त्या अधिकाराखाली २०१५ मध्ये पहिला आदेश निघाला तेव्हा रक्कम वर्षाला २०० पौंड होती. २०१९ मध्ये ती ४०० झाली, २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १,०३५. नऊ वर्षांत अधिभार पाचपटीवर गेला आणि प्रत्येक वेळी त्यासाठी एक आदेश पुरला.

संसदेने कायदा करायचा आणि त्याचा तपशील ठरवण्याचे काम मंत्र्याकडे, स्थानिक संस्थेकडे किंवा एखाद्या मंडळाकडे सोपवायचे, या पद्धतीला प्रदत्त विधिनियमन म्हणतात. अधिकार देतो तो मूळ कायदा आणि त्या अधिकाराखाली तयार होतात ते प्रदत्त नियम. हे नियम मोडले तर दंड होतो, मूळ कायद्याने तशी मुभा दिली असेल तर तुरुंगवासही होतो. न्यायालयाच्या दृष्टीने वैध नियमाचे वजन कायद्याइतकेच असते. ब्रिटनच्या संसदेत वर्षाला साधारण पंचवीस ते पन्नास सार्वजनिक कायदे मंजूर होतात. स्टॅट्युटरी इन्स्ट्रुमेंट या नावाने निघणारे नियम मात्र १९९० च्या दशकापासून पुढची दोन दशके दरवर्षी तीन हजारांच्या आसपास असत. अलीकडे ही संख्या घटली, तरी ती कायद्यांच्या कित्येक पट आहे. नागरिकाच्या रोजच्या जगण्याला भिडणारा कायदा बहुतांशी हाच असतो. तरीही ब्रिटिश राज्यव्यवस्थेवर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा राजा, पंतप्रधान आणि संसदेची दोन सभागृहे यांच्यापाशी येऊन थांबते. ती उणीव भरून निघावी, या हेतूने हे पुस्तक लिहिले आहे.

पुस्तकाची भूमिका आधीच सांगितलेली बरी. अधिकार सोपवणे ही आधुनिक राज्याची गरज आहे आणि तिला नावे ठेवून काही साधत नाही. धोका असतो तो सैल शब्दांत सोपवण्यात. नियम एकदा निघाला की संसदेच्या हाती फार थोडे उरते, आणि न्यायालयाला मूळ कायद्याच्या शब्दांच्या आधारेच बोलावे लागते. म्हणून खरा पहारा हवा तो मूळ विधेयक मंजूर होताना. पुढची सारी प्रकरणे या एका मुद्द्याभोवती रचली आहेत.

प्रथम या नियमांची घडण पाहू. सर्वांत मोठा वर्ग स्टॅट्युटरी इन्स्ट्रुमेंट्सचा. तिथले वकील आणि अधिकारी त्यांना थोडक्यात एस. आय. म्हणतात. त्यांना कुठे रेग्युलेशन्स, कुठे ऑर्डर तर कुठे रूल्स असे नाव असते. मसुदा त्या त्या खात्यात तयार होतो, मंत्र्याची सही होते, वर्षागणिक अनुक्रमांक पडतो आणि नियम प्रसिद्ध होतो. प्रत्येक एस. आय. च्या आरंभी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो केला, हे लिहिलेले असते. संपूर्ण दस्तऐवजात सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, कारण नियमाचा प्राण तिच्यात असतो. दुसरा वर्ग ऑर्डर इन कौन्सिलचा. राजा आणि प्रिव्ही कौन्सिल यांच्या नावाने निघणारे हे आदेश प्रत्यक्षात मंत्रिमंडळच ठरवते. तिसरा वर्ग उपविधींचा. नगरपालिका, रेल्वे किंवा उद्यानांची देखभाल करणाऱ्या संस्था आपापल्या हद्दीपुरते उपविधी करतात आणि त्यांना सामान्यतः मंत्र्याची मान्यता लागते. स्कॉटलंडची संसद, वेल्सची सेनेड आणि उत्तर आयर्लंडची असेंब्ली यांच्याखालीही अशा नियमांचे स्वतंत्र प्रवाह आहेत. त्यांची चर्चा एका प्रकरणात केली आहे. पुस्तकाचा मुख्य भर वेस्टमिन्स्टरवर आहे.

या पद्धतीचा इतिहास सांगताना इंग्लंडमधले लेखक १५३९ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी आठव्या हेन्रीने संसदेकडून एक कायदा करून घेतला. राजाने काढलेले जाहीरनामे संसदेच्या कायद्यासारखेच पाळले जावेत, असे त्यात म्हटले होते. प्रजेचा जीव आणि मालमत्ता यांना धक्का लावू नये, अशा मर्यादाही त्यात होत्या. हेन्रीच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये तो रद्द झाला. पुढे पहिल्या जेम्सच्या काळात, १६१० मध्ये, एडवर्ड कोक आणि इतर न्यायाधीशांनी मत दिले की नुसत्या जाहीरनाम्याने राजाला नवा गुन्हा निर्माण करता येणार नाही. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली: कार्यकारी सत्तेला लोकांवर बंधन घालणारा नियम करायचा असेल तर संसदेने दिलेल्या अधिकाराकडे बोट दाखवता आले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात असे अधिकार भराभर दिले जाऊ लागले. औद्योगिक इंग्लंडपुढे गरिबी, साथी, कारखाने आणि रेल्वे यांचे प्रश्न एकदम उभे राहिले होते. १८३४ च्या गरीब कायद्याने तीन आयुक्तांना साऱ्या देशाच्या गरीबगृहांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. त्या आयुक्तांवर लोकांचा इतका रोष होता की विरोधक त्यांना पाशा म्हणत. पहिल्या महायुद्धाने हा ओघ अनेक पटींनी वाढवला. युद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये संसदेने देशरक्षणाचा जो कायदा घाईघाईने केला, त्याच्याखाली वृत्तपत्रांच्या मजकुरापासून दारूच्या दुकानांच्या वेळांपर्यंत सर्व गोष्टींवर नियम निघाले.

या वाढीविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठला तो न्यायासनावरून. १९२९ मध्ये इंग्लंडचे लॉर्ड चीफ जस्टिस ह्यूअर्ट यांनी ‘द न्यू डेस्पॉटिझम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नोकरशाही संसदेच्या आडून अनिर्बंध सत्ता गाजवू लागली आहे, असा त्यांचा आरोप होता. पदावरच्या सरन्यायाधीशाने सरकारी कारभारावर असे पुस्तक लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. त्याच वर्षी सरकारने डोनोमोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९३२ मध्ये आला. समितीने ह्यूअर्ट यांचा टोकाचा निष्कर्ष स्वीकारला नाही. संसदेकडे वेळ नाही, विषय तांत्रिक आहेत, परिस्थिती बदलते तसे नियम बदलावे लागतात, म्हणून अधिकार सोपवणे अटळ आहे, असे तिने मान्य केले. मात्र अधिकाराच्या मर्यादा कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहाव्यात आणि नियम तपासायला संसदेची कायम समिती असावी, असेही बजावले. आज नव्वदहून अधिक वर्षांनी तो अहवाल वाचताना जाणवते, की यातली दुसरी सूचना उशिरा का होईना अंमलात आली आणि पहिली अजूनही वाट पाहते आहे.

सध्याच्या व्यवस्थेचा कणा म्हणजे १९४६ चा स्टॅट्युटरी इन्स्ट्रुमेंट्स कायदा. १ जानेवारी १९४८ पासून तो लागू झाला. नियम प्रसिद्ध कसे करायचे, संसदेपुढे कसे ठेवायचे, हे त्याने ठरवून दिले. नियम रीतसर प्रसिद्धच झाला नव्हता आणि लोकांच्या कानी घालण्यासाठी वेगळी वाजवी खटपटही झाली नव्हती, तर आरोपीला तो बचाव म्हणून मांडता येतो, अशी तरतूद त्यात आहे. जो नियम माणसाला कळण्याची सोयच नव्हती त्याच्यासाठी त्याला शिक्षा करू नये, हे न्यायाचे साधे तत्त्व इथे कायद्याच्या भाषेत उतरले.

आता संसदेतल्या प्रक्रियेकडे वळू. नियम कोणत्या वाटेने जाईल हे मूळ कायदाच ठरवतो. बहुसंख्य नियम हरकतीच्या पद्धतीने जातात. मंत्री सही करतो, नियम संसदेपुढे ठेवला जातो आणि ४० दिवसांत कोणत्याही सभागृहाने तो रद्द करण्याचा ठराव केला नाही तर तो कायम राहतो. सामान्य संकेत असा की संसदेपुढे ठेवल्यापासून किमान २१ दिवस तो अंमलात आणू नये. हरकतीच्या प्रस्तावाला तिथे प्रेअर, म्हणजे प्रार्थना, म्हणतात, कारण तो राजाला विनंतीच्या रूपात मांडलेला असतो. कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहात, अशा प्रस्तावाला चर्चेची वेळ मिळणे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते. कॉमन्सने एखादा नियम या मार्गाने शेवटचा रद्द केला तो २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, आणि तो होता रॉकेलच्या कमाल किरकोळ किमतींसंबंधीचा आदेश. त्यानंतरच्या चार दशकांहून अधिक काळात तसे पुन्हा घडलेले नाही.

दुसरी वाट संमतीची. महत्त्वाचे नियम मसुद्याच्या रूपात दोन्ही सभागृहांपुढे येतात आणि दोघांनी होकार दिल्यावरच मंत्री सही करतो. आरोग्य अधिभाराचे आदेश याच वाटेने गेले. ऐकायला हे भक्कम वाटते. पण कॉमन्समध्ये मसुदा सहसा सोळा-अठरा सदस्यांच्या एका समितीकडे जातो, तिथे जास्तीत जास्त दीड तास चर्चा होते आणि प्रश्न इतकाच असतो की समितीने नियमाचा विचार केला की नाही. नंतर सभागृहात चर्चेविना मतदान होते. कॉमन्सने असा मसुदा शेवटचा नाकारला तो नोव्हेंबर १९६९ मध्ये, मतदारसंघांच्या सीमांच्या संदर्भात.

दोन्ही वाटांवर एक अडचण सारखीच आहे. अगदी थोडे अपवाद सोडले तर संसदेला नियमात दुरुस्ती करता येत नाही. घ्यायचा तर आहे तसा घ्या, नाही तर फेटाळा. अधिभार १,०३५ ऐवजी ८०० पौंड असावा असे एखाद्या सदस्याला वाटले, तर तसे सुचवण्याची सोय नाही. अख्खा आदेश पाडणे हा एवढा मोठा घाव वाटतो की कोणी तो घालत नाही, आणि सरकारलाही हे ठाऊक असते. विधेयकावर कलमागणिक भांडणारी संसद नियमासमोर आली की हो किंवा नाही एवढ्यावर येऊन ठेपते. या विषयातली सर्वांत खोल त्रुटी मला हीच वाटते.

लॉर्ड्स सभागृहाची स्थिती चमत्कारिक आहे. सामान्य कायद्याच्या बाबतीत १९११ आणि १९४९ च्या संसद कायद्यांमुळे लॉर्ड्सना शेवटी कॉमन्सपुढे मान तुकवावी लागते. प्रदत्त नियमांना मात्र ते कायदे लागू नाहीत, त्यामुळे न निवडलेल्या सभागृहाकडे इथे पूर्ण नकाराधिकार आहे. लॉर्ड्सनी तो क्वचितच वापरला: १९६८ मध्ये ऱ्होडेशियावरच्या निर्बंधांबाबत, २००७ मध्ये मँचेस्टरच्या महाकॅसिनोबाबत, आणि अशाच मोजक्या प्रसंगी. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या करसवलतीत कपात करणारे नियम अडवून धरले, तेव्हा अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांना महिन्याभरात ती कपात मागे घ्यावी लागली. सरकारने चिडून लॉर्ड्सचे अधिकार कमी करण्याचा विचार सुरू केला. तो पुढे बारगळला. लाखो कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न कायद्याने न हाताळता नियमाने का हाताळला, या प्रश्नाकडे मात्र त्या गदारोळात फार थोड्यांनी लक्ष दिले.

समित्यांचे काम याहून शांत आणि जास्त उपयोगी आहे. १९७३ पासून दोन्ही सभागृहांची एक संयुक्त समिती प्रत्येक एस. आय. चे तांत्रिक परीक्षण करते: अधिकाराबाहेर काही आहे का, भाषा संदिग्ध आहे का, नियम मागच्या तारखेपासून लागू केला आहे का. नियमामागचे धोरण बरे की वाईट हे तिने पाहायचे नसते. धोरणाकडे लक्ष वेधणारी लॉर्ड्सची वेगळी समिती आहे. आणि १९९२ पासून लॉर्ड्सची आणखी एक समिती विधेयके मंजूर होण्याआधीच त्यांत मंत्र्यांना दिलेले अधिकार तपासते. या शेवटच्या समितीसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण योग्य वेळी योग्य जागी उभा असलेला पहारेकरी तीच आहे.

या व्यवस्थेची खरी कसोटी कोविडच्या काळात लागली. २३ मार्च २०२० च्या संध्याकाळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून लोकांना घरी राहायला सांगितले. त्या क्षणी तसे सांगणारा कायदा अस्तित्वात नव्हता. तो २६ मार्चला दुपारी एक वाजता मंत्र्याच्या सहीने अस्तित्वात आला आणि तत्क्षणी लागू झाला. वाजवी कारणाशिवाय कोणीही राहती जागा सोडू नये, असा नियम इंग्लंडमध्ये साऱ्या जनतेवर लागू झाला तेव्हा संसद सुट्टीवर गेलेली होती. आधार होता १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा. निकड असेल तर नियम आधी लागू करून २८ दिवसांत संसदेची संमती घेण्याची मुभा त्यात आहे आणि सुट्टीचे दिवस त्यात मोजले जात नाहीत. कॉमन्समध्ये चर्चा होईपर्यंत मे महिना उजाडला, आणि तोवर त्या नियमांत एक दुरुस्ती होऊनही गेली होती. २००४ चा नागरी आणीबाणी कायदा हाताशी होता. त्याखालचे नियम सात दिवसांत संसदेने मंजूर केले नाहीत तर गळून पडतात, शिवाय संसदेला त्यांत दुरुस्तीही करता येते. सरकारने तो रस्ता घेतला नाही. साथीपुढे तातडी आवश्यक होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पुढच्या महिन्यांत शेकडो नियम निघत राहिले, काही तर लागू होण्याच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झाले, आणि पहिल्या आठवड्याची तातडी हीच दोन वर्षांची रीत बनली. डिसेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की १९८४ च्या कायद्याचे शब्द एवढा अधिकार देण्याइतके व्यापक आहेत. न्यायालयाचे वाचन बरोबर असेल. पण असे व्यापक शब्द मंजूर करताना संसदेने देशव्यापी टाळेबंदी डोळ्यांपुढे आणली होती का, हा प्रश्न उरतोच.

न्यायालये हा दुसरा बांध आहे. संसदेच्या कायद्याला ब्रिटिश न्यायालय रद्द करू शकत नाही. मंत्र्याच्या नियमाला करू शकते. नियम मूळ कायद्याने आखलेल्या हद्दीबाहेर गेला तर तो अधिकारबाह्य ठरतो. पहिल्या महायुद्धानंतर अन्न नियंत्रकाने दूध खरेदीच्या परवान्यावर दर गॅलनमागे दोन पेन्स आकारले. अन्नपुरवठ्याचे नियमन करण्याचा अधिकार म्हणजे कर बसवण्याचा अधिकार नव्हे, असे सांगून न्यायालयांनी ती आकारणी बेकायदा ठरवली. १९७२ मध्ये अळिंबी पिकवणाऱ्या उत्पादकांचा खटला गाजला. नियम करण्याआधी संबंधित संघटनांशी सल्लामसलत करा, असे कायद्यात म्हटले होते. त्यांच्या संघटनेला खात्याने पत्र पाठवले, पण ते पोचलेच नाही. नुसते पत्र टाकणे म्हणजे सल्लामसलत नव्हे, असे न्यायालय म्हणाले आणि त्या संघटनेच्या सदस्यांना तो आदेश लागू राहिला नाही.

अलीकडचे दोन निकाल मी वाचकाने जरूर वाचावेत असे सुचवतो. २०१३ मध्ये लॉर्ड चॅन्सेलरने आदेश काढून कामगार न्यायाधिकरणात दाद मागण्यासाठी शुल्क लावले. अन्यायाने कामावरून काढल्याची तक्रार सुनावणीपर्यंत न्यायची तर एकूण १,२०० पौंड लागत. दाव्यांची संख्या धडाधड घसरली. युनिसन या कामगार संघटनेच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २६ जुलै २०१७ रोजी तो आदेश मुळापासून बेकायदा ठरवला. न्यायालयाची पायरी चढण्याचा हक्क मोघम शब्दांच्या आधाराने हिरावता येत नाही. तो काढून घ्यायचा तर संसदेने स्पष्ट शब्दांत तसे म्हटले पाहिजे, हे त्या निकालाचे सार आहे. दुसरा निकाल निदर्शनांविषयीचा. निदर्शनांमुळे होणाऱ्या ‘गंभीर व्यत्यया’ची पातळी खाली आणू पाहणाऱ्या दुरुस्त्या लॉर्ड्सनी जानेवारी २०२३ मध्ये एका विधेयकातून फेटाळल्या. काही महिन्यांत सरकारने तीच गोष्ट नियमाच्या वाटेने आणली आणि किरकोळापेक्षा जास्त असलेला व्यत्यय गंभीर मानला जाईल, असे जूनमध्ये लागू केले. लिबर्टी या नागरी हक्क संघटनेने आव्हान दिले. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते नियम अधिकारबाह्य ठरवले आणि मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. दारातून परतवलेला कायदा खिडकीतून आणण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो रोखला गेला तो मूळ कायद्यातल्या ‘गंभीर’ या एका विशेषणाच्या बळावर.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, याला एक ठोस ऐतिहासिक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संरक्षण नियम १८ब खाली माणसांना विनाचौकशी स्थानबद्ध केले जाई, तेव्हा भारतात भारत संरक्षण नियमांतला २६वा नियम तेच काम करत होता. मुंबईतून स्थानबद्ध झालेल्या केशव तळपदे यांचे प्रकरण फेडरल कोर्टात गेले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी एप्रिल १९४३ मध्ये निकाल दिला की हा नियम मूळ कायद्याने दिलेल्या अधिकारापेक्षा रुंद आहे आणि म्हणून अवैध आहे. कायद्याला संशयामागे वाजवी आधार अपेक्षित होता, नियमाला सरकारचे नुसते समाधान पुरत होते. ‘भारत छोडो’ आंदोलनातली हजारो माणसे त्या वेळी याच नियमाखाली तुरुंगात होती. सरकारने काही दिवसांतच अध्यादेश काढून नियम वैध करून घेतला आणि १९४५ मध्ये भारतातली अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दुसऱ्या एका खटल्यात ग्वायर यांचे मत अमान्य केले. कायद्यात आधी सर्वसाधारण अधिकार दिला होता आणि पुढची यादी केवळ उदाहरणादाखल होती, हा प्रिव्ही कौन्सिलचा तर्क. आधीच्या अधिकाराला बाध न येता विशेषतः अमुक गोष्टींसाठी नियम करता येतील, हा आपल्याकडच्या असंख्य कायद्यांत आढळणारा शब्दप्रयोग किती ताकदीचा आहे, हे तळपदे प्रकरण वाचल्यावर कळते.

स्वतंत्र भारताने ही पद्धत उचलली, पण एका ठिकाणी वेगळी वाट धरली. १९५१ च्या दिल्ली कायद्यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयातील बहुमताचा सूर असा होता की धोरण ठरवण्याचे मूलभूत काम विधिमंडळाला दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. ब्रिटनमध्ये असा अडसर नाही. संसद सार्वभौम असल्यामुळे ती किती सोपवते यावर न्यायालयाचा अंकुश नाही; तिचा तिनेच ठेवला तर.

तो तिने ठेवला नाही, याची दोन लक्षणे शेवटच्या भागात तपासली आहेत. पहिले लक्षण आठव्या हेन्रीच्या नावाने ओळखली जाणारी कलमे. या कलमांनी मंत्र्याला नियमाद्वारे खुद्द संसदेचा कायदाच बदलण्याचा अधिकार मिळतो. युरोपीय संघातून बाहेर पडताना २०१८ च्या कायद्याने असे अधिकार मोठ्या प्रमाणावर दिले. चार दशकांहून जास्त काळचे युरोपीय कायदे देशी व्यवस्थेत बसवायचे होते आणि मुदत डोक्यावर होती, हे मान्य केले पाहिजे. पण २०२२ च्या पुढच्या विधेयकात मंत्र्यांनी वाचवले नाहीत ते सारे युरोपीय मूळचे नियम २०२३ च्या अखेरीस आपोआप संपावेत, अशी योजना होती. टीकेनंतर मे २०२३ मध्ये ती बदलून रद्द होणाऱ्या नियमांची यादीच कायद्यात द्यावी लागली. दुसरे लक्षण सांगाडा विधेयकांचे. अशा विधेयकात धोरण नसतेच. मंत्री नियमांनी ठरवतील असे कलमाकलमांत लिहिलेले असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये लॉर्ड्सच्या दोन समित्यांनी एकाच दिवशी दोन कडक अहवाल देऊन संसदेकडून मंत्र्यांकडे सरकलेला तोल पुन्हा सावरा, असे बजावले. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, विरोधात असताना या कलमांवर टीका आणि सत्तेत आल्यावर त्यांचाच वापर, असा अनुभव वारंवार येतो. म्हणून सुधारणा सत्ताधाऱ्यांच्या सद्भावनेवर सोडता येणार नाही. महत्त्वाच्या नियमांत दुरुस्ती सुचवण्याचा हक्क सदस्यांना मिळाला पाहिजे आणि धोरणाचा प्रत्येक प्रश्न मूळ कायद्यातच सोडवला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे पुस्तक कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी आशा आहे. पण ते लिहिताना डोळ्यांपुढे होता तो सामान्य वाचक. व्हिसासाठी पैसे भरणारा, वाहनावरचा दंड भरणारा, पेन्शनची वाट पाहणारा. त्याला माझी एकच विनंती आहे. आपल्याला लागू होणारा एखादा नियम लंडनमध्ये असो की महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, तो कोणत्या कलमाखाली काढला हे त्याच्या आरंभीच वाचावे, ते मूळ कलम शोधावे आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहावेत. नियम कलमापेक्षा मोठा दिसला तर प्रश्न विचारावा, आणि कलमच अमर्याद दिसले तर ते मंजूर करणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावा.